चौथ्या मात्रेवर पाय काय करतो?

साल्साच्या वर्गात पहिल्या दिवशी शिक्षक मोजतात, ‘एक, दोन, तीन… पाच, सहा, सात…’ चार आणि आठ त्यांच्या तोंडून येतच नाहीत. आठ मात्रांच्या आवर्तनात पावलं पडतात सहाच. केरवा कानात मुरलेल्या आपल्या माणसांना आठ मात्रा नव्या नाहीत, पण चौथीवर पाय आवरायचा म्हटलं की तो आपसूक उचलला जातो, आणि पुढचं सगळं चुकतं.

मिनिटाला १८० मात्रांचं गाणं साल्सात नेहमीचंच. म्हणजे दोन मात्रांमध्ये सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा. आवाज ऐकून शरीर हलवायला माणसाला साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. ठोका ऐकून मग पाऊल टाकू म्हटलं, तर अर्धी मात्रा निसटलीच! त्यामुळे मेंदू ठोक्याची वाट पाहत नाही, तो आधीच अंदाज बांधतो. मेट्रोनोमबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधी पडतं. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी २००७ साली दाखवलं, की ठाशीव ठोका असलेली लय नुसती ऐकतानाही मेंदूतले हालचालींशी निगडित भाग, विशेषतः बेसल गँग्लिया, अधिक सक्रिय होतात. हातपाय स्थिर असले तरी!

नवशिक्याचा अंदाज चुकतो, कारण त्याला चौथी मात्रा रिकामी वाटते. ती रिकामी नसतेच. क्यूबाच्या पूर्व भागातल्या ‘सोन’ संगीताचा वारसा घेऊन न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांत १९६०-७०च्या दशकांत साल्सा नावारूपाला आला. त्यात कोंगा या ढोलाच्या नेहमीच्या ठेक्याला ‘तुंबाओ’ म्हणतात. त्याचे दोन खुले, घुमणारे बोल येतात ते चौथ्या आणि आठव्या मात्रेवर. पाय थांबतो तिथे कोंगा बोलतो.

आणि पायही खरं तर थांबत नाही. तिसऱ्या मात्रेला टेकलेल्या पावलावर शरीराचं वजन पूर्ण उतरतं ते चौथीवर. वाकलेला गुडघा वजन घेत सरळ होतो आणि त्या बाजूची कंबर आपोआप बाहेर येते. ज्या लचकेसाठी लोक आरशासमोर तासन्तास कंबर हलवतात, ती गुडघ्यात आणि तळव्यात जन्मते. पाऊल मोठं टाकलं की वजन मध्येच अडकतं, म्हणून पाऊल लहान हवं, अगदी वीतभर.

मला विचाराल तर सुरुवात साल्साने करूच नये. आधी डोमिनिकन रिपब्लिकचा मेरेंगे घ्यावा: मात्रेला एक पाऊल, विश्रांती नाही. मग तिथलाच बचाता, ज्यात तीन पावलांनंतर चौथ्या मात्रेला पाय नुसता टेकवायचा, त्यावर वजन द्यायचं नाही. या टेकवण्यात साल्साच्या थांब्याची अर्धी तालीम होऊन जाते.

सुरुवातीला तोंडाने मोजताना जोडीदाराशी बोलता येत नाही, कारण सगळं लक्ष मोजण्यातच खर्च होतं. सरावाने हालचाल अंगवळणी पडली की आकडे गळून पडतात. तोवर रोज दहा मिनिटं खुर्चीत बसून गाणं ऐकावं, आणि चौथ्या-आठव्या मात्रेला, जिथे कोंगा घुमतो, तिथे मांडीवर थाप द्यावी. पायांना उठवायची घाई नको.