नवी गाडी आत्ता घ्यावी की थांबावे?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की सरांनी म्हातारपणी तत्त्वज्ञान सोडून गाड्यांची दलाली सुरू केली की काय. तसं काही नाही. मागच्या महिन्यात आपण 'संशय आणि निर्णय' या विषयावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, न्यायशास्त्रातला संशय समजला, पण माझा संशय निराळा आहे."

गृहस्थ निवृत्त आहेत. पत्नीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, जाणं-येणं रिक्षाने. एक नवी विजेवर चालणारी गाडी नुकतीच बाजारात आली आहे, ती घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. मुलगा बंगळुरूहून फोनवर सांगतो, "बाबा, पहिल्या लॉटमधली गाडी घेऊ नका, सहा महिने थांबा." शोरूममधला पोरगा सांगतो, "काका, ही किंमत सुरुवातीच्या बुकिंगपुरतीच आहे." आता गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात. मग करायचं काय?

जिन्यात आम्ही त्यांना उत्तर दिलं नाही, कारण आम्हाला ते येत नव्हतं. महिनाभर तो प्रश्न डोक्यात राहिला. आज त्याच्याबद्दलच बोलू.

संशयाचं नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण आपण मागे पाहिलं होतं. तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब आहे की माणूस? तिथे उपाय सोपा असतो. चार पावलं पुढे जायचं आणि बघायचं. गाडीच्या बाबतीत ही चार पावलं टाकता येत नाहीत. शोरूममध्ये गाडीभोवती कितीही फेऱ्या मारा, टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली पाच-सात किलोमीटर फिरून या, तिसऱ्या पावसाळ्यात ती कशी वागेल हे कळणार नाही. न्यायमत असं आहे की ज्ञान खरं होतं की खोटं, हे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती यशस्वी झाली की नाही यावरून ठरतं. समोर दिसतंय ते पाणी की मृगजळ? जाऊन प्यायलात आणि तहान भागली, तर ते पाणी. याला परतःप्रामाण्य म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ तेवढा जड नाही.

पण मग कुणीतरी जाऊन पाणी प्यायलाच पाहिजे ना! थांबणारा माणूस स्वतःला शहाणा समजतो, आणि तो शहाणा असतोही. मात्र सहा महिन्यांनी त्याच्या हाती जी माहिती येते, ती आधीच्या गिऱ्हाइकांनी आपल्या खिशातून पैसे घालून तयार केलेली असते. सगळेच थांबले तर सहा महिन्यांनीही कुणाला काहीच कळणार नाही.

आम्ही एकदा या पाणी पिणाऱ्यांत होतो. सगळी उमेद एका स्कूटरसाठी नंबर लावण्यात गेलेली आमची पिढी. 'चेतक'साठी लोक वर्षानुवर्षं थांबत असत, हे तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना सांगायला नको. त्या काळात घ्यावी की थांबावं हा प्रश्नच नव्हता, थांबणं नशिबातच होतं. त्यामुळे पुढे जेव्हा पैसे भरल्याबरोबर गाडी मिळण्याचे दिवस आले, तेव्हा आम्ही एक अगदी नवं मॉडेल बाजारात येऊन महिना व्हायच्या आत एप्रिलमध्ये घरी आणलं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि पायाखालचं मॅटिंग ओलं. वर्कशॉपमध्ये सांगितलं, "सर, या गाडीत येतंच थोडं पाणी." थोडं! दिवाळीपर्यंत कंपनीने दाराचं रबर बदललं. ज्यांनी दिवाळीत गाडी घेतली त्यांचे पाय कोरडे राहिले, ते आमच्या ओल्या पायांच्या जिवावर.

ही गोष्ट आम्ही बरीच वर्षं तक्रार म्हणून सांगायचो. तिचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जायचा, तो शेवटाकडे सांगू.

पहिल्याच लॉटमध्ये असं का होतं? यंत्रांच्या बिघाडाचा एक आलेख इंजिनिअर मंडळी काढतात. तो आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ सपाट तळ, आणि यंत्र म्हातारं झालं की पुन्हा चढ. सुरुवातीचा चढ हा बाळदुखण्यांचा. पुरवठादाराचा एखादा भाग थोडा कमी-जास्त मापाचा येतो, जोडणाऱ्या कामगाराचा हात त्या मॉडेलवर अजून बसलेला नसतो, आणि आता तर गाडीत सॉफ्टवेअर असतं, त्याच्या चुका रस्त्यावरच कळतात. ही दुखणी बहुतेक वेळा पहिल्या वर्षात उघडी पडतात आणि दुरुस्त होतात. म्हणजे मुलगा सांगतो ते खरं आहे.

पण इथे थोडं सावध राहायला हवं. सहा महिने थांबून टबाची फक्त डावी बाजू दिसते. उजवी बाजू, म्हणजे गंज, गिअरबॉक्स, आणि विजेच्या गाडीत बॅटरी आठ वर्षांनी किती उरेल, हे सहा महिन्यांत कुणालाही कळणार नाही. आमच्या त्या गृहस्थांची खरी धास्ती बॅटरीचीच होती. त्या धास्तीवर सहा महिने हा उपायच नाही. आठ वर्षं थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी.

या सगळ्याचा एक चांगला नमुना आपल्या देशात होऊन गेला आहे, तो म्हणजे टाटांची नॅनो. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली. नंतर सिंगूरचा कारखाना गुंडाळून साणंदला न्यावा लागला. मार्च 2009 मध्ये ती बाजारात आली, एप्रिलमध्ये बुकिंग झालं, दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. ज्या गाडीत कुणी बसलं नव्हतं तिच्यासाठी! पहिले एक लाख मानकरी संगणकाने सोडत काढून निवडले आणि त्यांना जाहीर केलेल्या किमतीतच गाडी मिळाली. ही झाली घाई करणाऱ्यांची कमाई. मग काही गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर 2010 मध्ये कंपनीने विकलेल्या गाड्यांनाही सुरक्षेचे जादा भाग मोफत बसवून द्यायचं जाहीर केलं. थांबलेल्यांना यानंतरची गाडी मिळाली. आणखी थांबलेल्यांना 2014 मध्ये पॉवर स्टिअरिंग मिळालं. त्याहून थांबलेल्यांना 2015 मध्ये उघडणारी डिकी मिळाली, कारण पहिल्या नॅनोची डिकी बाहेरून उघडतच नसे, हे आज कुणाला खरंही वाटणार नाही. आणि जे यानंतरही थांबले? 2018 मध्ये गाडी बनायचीच थांबली.

आता यातली सर्वांत महत्त्वाची माहिती बघा. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या काही छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी जाहीर केली. नॅनोला शून्य तारे. बरोबरच्या नावाजलेल्या गाड्यांनाही शून्यच. गाडी बाजारात येऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षं झाली होती. सहा महिने थांबलेल्या शहाण्याला आणि पहिल्या दिवशी पैसे भरणाऱ्या उतावळ्याला, दोघांनाही ही गोष्ट सारखीच ठाऊक नव्हती. आज परिस्थिती बरी आहे. ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. ती ऐच्छिक आहे, पण पुष्कळ नव्या गाड्यांचे तारे लवकर कळतात. एखाद्या गाडीचे अजून आलेले नसतील, तर त्यासाठी थांबणं आम्हाला पूर्ण पटतं.

कारण त्या थांबण्याला नाव आहे. आमचं म्हणणं खरं तर एवढंच आहे. "थोडं थांबूया, बघूया काय होतंय" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा स्वतःला विचारावं की कशासाठी थांबतोय, आणि ते कळल्यावर माझा निर्णय बदलणार आहे का? उत्तर देता आलं तर ते थांबणं. नाही देता आलं, तर ती भीती आहे, आणि भीतीला सहा महिन्यांनी आणखी सहा महिने हवे असतात.

पैशाचंही तसंच. गेल्या वर्षी 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं सांगितलं आणि 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर 28 टक्के अधिक उपकर होता तो 18 टक्के झाला. त्या पाच आठवड्यांत जे थांबले ते शहाणे, यात वाद नाही. उलट बाजू बघा. 1 जून 2023 पासून केंद्राने विजेच्या दुचाकींवरचं अनुदान कमी केलं, किलोवॉट-तासाला 15 हजारांवरून 10 हजार, आणि वर किमतीच्या 40 टक्क्यांची मर्यादा 15 टक्क्यांवर आणली. अजून स्वस्त होईल म्हणून मे महिन्यात थांबलेल्यांना स्कूटर महाग पडली. मात्र त्यातही एक पोटभाग आहे. 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या काही स्कूटर पेटल्या, एक आपल्या पुण्यातही, आणि त्यानंतर डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक झाले. त्या नियमांसाठी थांबलेल्याचे काही हजार जास्त गेले असतील, पण त्याला आम्ही मूर्ख म्हणणार नाही. वर्षअखेरीचंही लक्षात ठेवा. डिसेंबरात पासिंग झालेली गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. तेव्हा डिसेंबरात सवलत मिळते ती काही कंपनीला आपला पुळका आला म्हणून नव्हे.

मग विश्वास कुणाच्या शब्दावर ठेवायचा? शब्द हे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, बरं का! ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. शोरूमच्या पोराला गाडी ठाऊक आहे, पण त्याला महिन्याचं टार्गेट आहे. मुलाला तुमचं भलं हवं आहे, पण गाडी त्याने पाहिलेली नाही. व्हिडिओवाल्याने पाहिली आहे, ती बहुधा सर्वांत महाग प्रकारातली, एखादाच दिवस. ज्याने पैसे भरले तो पहिले तीन महिने आपल्या निवडीचं समर्थन करत असतो, आणि ज्याची गाडी बंद पडली तो जगभर ओरडत असतो. त्या दोघांच्या मधला, गाडी मुकाट चालवणारा, कुठेच काही लिहीत नाही. तो हवा असेल तर सर्व्हिस सेंटरच्या बाहेर जाऊन उभं राहायचं. दहा हजार किलोमीटर झालेल्या गाडीचा मालक किल्ली हातात घेऊन वाट बघत बसलेला असतो, त्याला वेळच वेळ असतो. आम्ही हे करून पाहिलं आहे. चहासुद्धा तोच पाजतो.

आता आमच्या ओल्या पायांचा राहिलेला भाग. ती गाडी एप्रिलमध्ये घेतली आणि मे महिन्यात आईला तिच्या माहेरी, राजापूरकडे घेऊन गेलो. अकरा वर्षांनी ती तिकडे गेली. एसटीचा प्रवास तिला झेपत नव्हता. वाटेत चार वेळा थांबलो, तिने घराची पडवी पाहिली, विहीर पाहिली, भावजयीशी भांडून घेतलं. पुढच्या मे महिन्यात तिला गाडीत बसवणंही शक्य नव्हतं. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर पाय कोरडे राहिले असते. थांबण्याची किंमत रुपयांच्या रकान्यात शोधून ती सापडत नाही, म्हणून ती शून्य धरली जाते.

ज्या कामाचं फळ या डोळ्यांना दिसायचं असतं, त्यात संशय असतानाही माणूस पाऊल उचलतो, हे नैयायिकांनाही मान्य आहे. पाऊस पडेलच अशी खात्री नसताना शेतकरी पेरतोच की.

तर ते गृहस्थ. ते आज इथे बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहोत. सहा महिने म्हणजे 26 आठवडे, 52 डायलिसिस, जाऊन-येऊन 104 वेळा रिक्षा, त्यात एक अख्खा पावसाळा. हे त्यांच्या थांबण्याचं बिल. त्या बदल्यात बाळदुखणी कळतील, बॅटरीचं भविष्य कळणार नाही. आणि "नवी आत्ता की नवी नंतर" या प्रश्नात तिसरा पर्याय लपून बसला होता, तो म्हणजे तीन-चार वर्षं रस्त्यावर असलेलं, सगळ्या खोडी ठाऊक झालेलं मॉडेल, आत्ता. डायलिसिसच्या दिवशी गाडी सकाळी सुरू झालीच पाहिजे. ज्याची एक फेरी चुकून चालत नाही, त्याने पहिल्या लॉटचा मान दुसऱ्या कुणाला तरी द्यावा असं आम्हाला वाटतं.

हे आम्ही त्यांना काल फोनवर सांगितलं. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, पण तिला ती नवीच बसायला सोपी वाटते. सीट उंच आहे, वाकावं लागत नाही."

हे आमच्या हिशोबात नव्हतं. आम्ही म्हटलं, मग एक करा. दोन्ही शोरूम दवाखान्याच्या वाटेवर आहेत. वहिनींना दोन्ही गाड्यांत बसवून आणि उतरवून बघा. पण डायलिसिसला जाताना नाही, परत येताना बघा.