हेक्टरी साडेअठरा हजार

२०२५च्या नवरात्रात घट बसले २२ सप्टेंबरला. माहूरला रेणुकेची यात्रा म्हणजे ओटीवाले, फूलवाले, तांबूल कुटणारे, धर्मशाळा, जीपवाले या सगळ्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा हंगाम. नेमक्या त्याच आठवड्यात मराठवाडाभर नद्या पात्र सोडून धावत होत्या आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि बघता बघता तो आकडा पारापासून चॅनेलपर्यंत 'अतिवृष्टीच्या नुकसानीचा आकडा' होऊन बसला. वास्तविक तो नुकसानीचा आकडा नव्हताच. सरकार देऊ करत असलेल्या पैशांची ती बेरीज होती, आणि तिच्यात रस्ते-पुलांची दुरुस्ती अन् रोजगार हमीची कामंही धरलेली होती. आपत्तीची किंमत आपण मदतीच्या रकमेवरून ठरवतो. गेलं किती, ते मोजायची वही कुणाच्याच टेबलावर नसते.

जिरायती जमिनीला या पॅकेजात हेक्टरी १८,५०० रुपये मिळाले. ८,५०० आपत्ती निधीच्या निकषाप्रमाणे आणि १०,००० रब्बीच्या बियाण्या-खतासाठी वरचे. एकराचा हिशेब केला तर साडेसात हजारांच्या आत. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८. म्हणजे वाढीव मदत धरूनही एकरी दीड क्विंटलसुद्धा भरपाई नाही. नुसता निकष धरला तर पाऊण क्विंटलही नाही. पावसाने साथ दिली तर हलक्या-मध्यम रानातही एकरी पाच-सहा क्विंटल उतरतं. पेरणी, खत, फवारणी, खुरपणी एवढा सगळा खर्च करून झाल्यावर, पैसे हातात पडायच्या आठवड्यात पीक गेलं, तर शेतकऱ्याच्या वाट्याला दुहेरी तोटा येतो. उत्पन्न जातं आणि गुंतवलेलंही जातं. शासन याला मदत म्हणतं, भरपाई म्हणत नाही. तेवढा प्रामाणिकपणा कागदात आहे.

अशी मदत मिळायलाही उंबरे ओलांडावे लागतात. एरवीच्या निकषात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला पाहिजे. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर हवं. २०१५पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. पैसे जातात सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या खात्यात. बटईने किंवा ठोक्याने रान करणाऱ्याने बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर उचललेलं असतं, पण पंचनाम्यात त्याचं नाव येत नाही. काढणी-मळणीच्या मजुरीवर दिवाळी करणाऱ्या बाईसाठी तर त्या फॉर्मात रकानाच नाही. तिचे बुडालेले दिवस कुठल्याच कोटीत मिळवले जात नाहीत.

नांदेड जिल्ह्यापुरतं पाहिलं तर २०२५चं वर्ष ऑगस्टमध्येच बिघडलं होतं. १७-१८ ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या रावणगाव, हसनाळ, भासवाडी या गावांत पाणी शिरलं. माणसं गेली, दावणीला बांधलेली जनावरं जागेवर गेली. दुभत्या जनावरासाठी मदत ३७,५०० रुपये. चांगली म्हैस घ्यायला आज लाखाच्या आसपास लागतात, आणि नवी म्हैस दावणीला येईपर्यंतचं दूध कुणी धरायचं?

मराठवाड्याची ओळख दुष्काळाची, आणि दुष्काळाच्या खर्चाला बोट लावून दाखवायला जागा नसते. पूर एका रात्रीत फोटो देऊन जातो. दुष्काळ महिनोन् महिने खातो. १९७२ला अन्नाचा तुटवडा होता. लोकांनी मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली. मे १९७३च्या सुमाराला दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळ गेला होता. पण त्या खर्चातून पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते असं काही मागे राहिलं, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी कायदा होऊन उभी राहिली. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. संकटाचा बोजा गावाबाहेरच्या माणसानेही उचलायचा, ही गोष्ट तेव्हा कायद्यात बसवता आली. पुढच्या पन्नास वर्षांत त्या तोडीचं काही सुचलं असेल, असं मला तरी दिसत नाही.

२०१६ला लातूरकरांपुढे वेगळाच पेच होता. दुकानात धान्य होतं, नळाला पाणी नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलं, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, २५ लाख लिटर. २०११च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर, म्हणजे भरलेली गाडी आली तरी माणशी साडेसहा लिटर. रेल्वेने पाठवलेल्या चार कोटींच्या बिलाची वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली. मात्र घराघराने टँकरला मोजलेले पैसे, घागरीसाठी रात्र जागून दुसऱ्या दिवशी बुडालेला रोज आणि कितीही खोल नेल्या तरी कोरड्याच निघालेल्या बोअरवेल यांचं बिल कुणी कुणाला पाठवलं नाही. फसलेलं बोअर तर सरळ कर्जाच्या खात्यात जातं. मातीत गाडलेला हा पैसा ना पंचनाम्यात, ना विम्यात.

आता पूर आणि दुष्काळ वर्षं वाटून घेत नाहीत, एकाच हंगामात दोघे येतात. माहूर-किनवटचा डोंगराळ पट्टा मराठवाड्यात पावसाला बरा, पैनगंगा माहूरला वळसा घालून जाते. जुलै २०२३मध्ये नदीपलीकडे यवतमाळच्या महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या आनंदनगरच्या लोकांना काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला. जुलैत चिभडलेलं पीक ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात करपतं. हंगामाअखेर पैसेवारी काढताना उतारा मोजतात, पण दुबार पेरणीची बॅग आणि दुसऱ्यांदा दिलेलं खत त्या पैशांत उतरत नाही.

हिशेबाचा हा घोळ आपल्यापुरता नाही. जागतिक हवामान संघटनेने २०२३ साली १९७० ते २०२१ या काळातल्या ११,७७८ आपत्तींचा ताळेबंद मांडला. वीस लाखांहून अधिक मृत्यू, ४.३ लाख कोटी डॉलरचं नुकसान. त्यात नुकसानीचा साठ टक्क्यांहून मोठा वाटा श्रीमंत देशांचा आणि मृत्यूंपैकी नव्वद टक्के विकसनशील देशांत. श्रीमंतांकडे वादळं जास्त येतात म्हणून हे असं नाही. त्यांच्या घराला, गाडीला, दुकानाला किंमत लावलेली असते. कुडाच्या भिंतीची, कोंबड्यांची, उतरंडीतल्या दाण्यांची किंमत लावायला तिथवर कुणी जात नाही.

पीक विम्याने ही जागा भरायची होती. २०१६ला पंतप्रधान पीक विमा योजना आली, २०२३ला राज्याने ती शेतकऱ्याला एका रुपयात दिली आणि २०२५च्या खरिपाआधी तो रुपया मागे घेतला. बोगस अर्जांची कारणं खरी होती. पण त्याच फेरबदलात स्थानिक आपत्ती आणि हंगामातल्या प्रतिकूल परिस्थितीची भरपाईही गेली. उरला तो पीक कापणी प्रयोगावरचा मंडळाचा सरासरी उतारा. ओढ्याकाठचं माझं रान गेलं आणि माळावरच्या शेजाऱ्याचं वाचलं, तर सरासरी दोघांना एकाच मापाने मोजते. हे बदल झाले आणि त्याच वर्षी असा पावसाळा आला.

मग पैसा येतो कुठून? दागिना बँकेत जातो, बैलजोडी बाजारात जाते, आणि दुष्काळात किंवा पुरात बाजारात सगळेच विकायला आलेले असल्यामुळे भाव पडलेला असतो. त्याहून खाली गेलं की ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. मुखेड, कंधार, लोहा भागातल्या टोळ्या उचल घेऊन कोयत्याला जातात, आणि बरोबर गेलेल्या पोराची शाळा मधेच तुटते. त्या पोराच्या पुढच्या तीस वर्षांच्या कमाईत जी घट होते, ती अर्थशास्त्राच्या भाषेत आपत्तीचीच किंमत आहे.

सर्वांत अवघड हिशेब मातीचा. खरडून गेलेल्या जमिनीला २०२५मध्ये हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं, अशी तरतूद झाली. आजवरच्या मानाने ती मोठी आहे, हे मान्य करायला हवं. पण हात-दीड हात काळी माती वाहून उघडा पडलेला मुरूम सपाट करणं वेगळं आणि त्यावर पीक येणं वेगळं. वाहून गेलेली माती खालच्या तलावात गाळ होऊन बसते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून ती परत आणता येते. २०१७ला योजना सुरू झाली तेव्हा यंत्राचा-डिझेलचा भार दुसरीकडे आणि वाहतूक शेतकऱ्याकडे, अशी वाटणी होती. पुढे लहान शेतकऱ्यांसाठी अनुदान आलं, तेही एका मर्यादेपर्यंत. त्यापुढची प्रत्येक ट्रॉली तो स्वतःच्या पैशाने ओढून आणतो, अन् बांधबंदिस्ती धड झालेली नसेल तर पुढच्या ऑगस्टमध्ये तीच माती पुन्हा तलावात जाते.