पत्रा घरचा, स्विच नेमका

कॅलिफोर्नियात २००६ साली ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ ही शर्यत सुरू झाली. गाडी ५०० डॉलरच्या आत उभी करायची. सुरक्षेचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. खर्च वाचवायला बॉडीचे पत्रे घरी घडवता येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ, सपाट पत्र्यावर रोलरने उंचवट्याची रेघ उठवली, की वजन न वाढता तो ताठ होतो. खरी गोम गाडीची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचची. नुसती बॅटरी तोडली, तर चालू इंजिन अल्टरनेटरच्या विजेवर चालतच राहू शकते, आणि अपघातानंतर विजेवरचा इंधनपंपही! म्हणून त्या स्विचने इंजिनही बंद पडलेच पाहिजे. शिवाय तो पट्ट्यांनी बांधलेल्या चालकाच्या हाताला लागावा, बाहेरून धावत आलेल्या मदतनीसाच्याही.