दहावीची इंग्रजी, भाग ७ : आजोबांनी विहीर वाळवली!

बिडकीनच्या एका शिकवणीत मागच्या आठवड्यात फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि त्याचं मराठी करायला सांगितलं. वाक्य असं : ‘द वेल दॅट माय ग्रँडफादर डग हॅड ड्राइड अप.’ मुलं दहावीची, मराठी माध्यमाची. वाक्यातला एकही शब्द त्यांना नवा नव्हता, मी आधी विचारून घेतलं होतं. वेल म्हणजे विहीर, डग म्हणजे खणलं, ड्राय म्हणजे वाळणं. बहुतेक वह्यांमध्ये उत्तर आलं, ‘माझ्या आजोबांनी विहीर खणली आणि वाळवली.’ एका पठ्ठ्यानं तर ‘आजोबा वाळले’ असंही लिहिलं. वर्ग खो खो हसला, पण हसणाऱ्यांच्या वह्यांतही फार वेगळं काही नव्हतं.

मग मी सगळ्यांना वह्या मिटायला सांगितल्या आणि तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. दोनदा. ‘द वेल’, इथे जरा थांबलो. ‘दॅट माय ग्रँडफादर डग’, पुन्हा थांबलो. ‘हॅड ड्राइड अप.’ मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, पटकन म्हणाली, “आजोबांनी खांदलेली विहीर आटली, सर.”

मधल्या दोन मिनिटांत मी तिला एकही नवा शब्द शिकवला नव्हता. व्याकरणाचा नियम सांगितला नव्हता. फक्त कुठे थांबायचं ते तिच्या कानावर घातलं. आजचा भाग त्या थांबण्याबद्दल आहे.

पत्रलेखनाच्या भागानंतर पालकांचे जे प्रश्न आले, त्यातले निम्मे एकाच गाऱ्हाण्याचे होते : पोरगं धड्यातलं सगळं सोडवतं, पण बाहेरचा उतारा आला की हात टेकतं. साहजिक आहे. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यात धड्यांवरच्या उताऱ्यांना २० गुण. हे उतारे वर्षभर घोटलेले असतात, गाईडमध्ये त्यांची उत्तरं छापलेली असतात, ‘अपेक्षित’मध्ये तीच पुन्हा. चौथा प्रश्न मात्र अनोळखी उताऱ्याचा. त्याला सारांशासकट १५ गुण. तिथे गाईड कामाला येत नाही, पाठांतर तर नाहीच नाही. मूल पहिल्यांदाच इंग्रजीच्या समोर एकटं उभं राहतं.

आणि उभं राहिलं की काय करतं? शब्दाखाली शब्द लिहीत सुटतं. द वेल, विहीर. दॅट, ते. माय ग्रँडफादर, माझे आजोबा. डग, खणलं. इथपर्यंत मराठी मन खूश असतं, कारण आपल्याकडे क्रियापद आलं की वाक्य संपतं. ‘खणलं’ आलं, म्हणजे झालं. मग पुढे आणखी एक क्रियापद दिसलं की ते गोंधळतं, ‘आणि’ घालून दोन्ही जोडतं आणि विहीर आजोबांच्या हातून वाळवून घेतं. आपली भाषा वर्णन आधी सांगते आणि वस्तू शेवटी हातात ठेवते : ‘आजोबांनी खांदलेली विहीर’. इंग्रजी वस्तू आधी टेबलावर मांडते आणि मग तिच्याबद्दल सांगत बसते. दोन भाषांची ही उलटसुलट चाल ज्या मुलाच्या अंगवळणी पडली, त्याचा अनोळखी उतारा निम्मा सुटला असं मी मानतो. शब्दसंग्रह वगैरे त्यानंतर.

ही चाल अंगवळणी पाडायची कशी? माझा अनुभव असा की डोळ्यांनी ती लवकर पडत नाही. छापील ओळीत सगळे शब्द सारख्याच अंतरावर उभे असतात, शाळेच्या रांगेसारखे. कोण कोणाचा हात धरून आला आहे हे दिसत नाही. बोलणारा माणूस मात्र ते हात धरून दाखवतो, कारण तो योग्य जागी श्वास घेतो.

ज्यांना ही गोष्ट पुस्तकी वाटते त्यांनी आपल्या आजीकडे बघावं. बिडकीन पैठणच्या वाटेवरचं गाव, इथे सप्ताह बसला की पारायण आलंच. ज्या आजीला सही करायलाही अंगठा लागतो, ती चारशे वर्षांहून जुनी ओवी ऐकते आणि बरोबर ठिकाणी मान डोलावते. एकनाथी भागवत पुरं झालं १५७३ मध्ये, काशीत. त्यातले कितीतरी शब्द आज बोलण्यात नाहीत. पदवीधर नातवाच्या हातात ती पोथी दिली तर तो दुसऱ्या ओवीला अडखळतो. आजी अडखळत नाही, कारण तिनं ते कधी वाचलंच नाही, वाचणाऱ्याच्या थांबण्यावरून ऐकलं. ओवीचे पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, म्हणजे वाचणारा कुठे टेकणार हे तिच्या कानाला आधीच माहीत. अर्थ त्या टेकण्यात अर्धा कळतो, उरलेला ती अंदाजानं भरून घेते. तिच्या नातीला इंग्रजीच्या उताऱ्यात नेमकं हेच करायचं आहे.

आता ऐकण्याच्या परीक्षेकडे. दहावीच्या इंग्रजीत उरलेले २० गुण तोंडी परीक्षेचे, त्यात ऐकणं आणि बोलणं दोन्ही धरलेलं. ही परीक्षा लेखीच्या आधी शाळेतच होते. खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी ती ‘होते’ एवढंच. नाव विचारायचं, गावाबद्दल चार वाक्यं म्हणून घ्यायची, सतरा-अठरा गुण टाकायचे. लेखी आणि तोंडी मिळून १०० पैकी ३५ ला पास, म्हणजे तोंडीत भरभरून मिळाले की लेखीत काठावर तरता येतं. हे वीस गुण किती वजनाचे आहेत ते २०१९ मध्ये अख्ख्या राज्याला कळलं. त्या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल ७७.१० वर आला. एवढी ओरड झाली की पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. परत आले हे चांगलंच झालं, माझी त्याला हरकत नाही. हरकत एवढीच की वीस गुण परत आले आणि ऐकणं आलंच नाही.

जगात याला किती मान आहे ते पाहा. शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना आहे हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दक्षिण कोरियात दर नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा होते. तिच्या इंग्रजीच्या पेपरात ४५ प्रश्न, त्यातले १७ ऐकून सोडवायचे. हे ऐकणं चालू असताना सुमारे ३५ मिनिटं देशभरात विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत, पोरांना नीट ऐकू यावं म्हणून. आपल्याकडे पैठण रस्त्यावरचा ट्रक कोण थांबवणार? पण त्याची गरजही नाही, कारण आपली पोरं गोंगाटात ऐकायला पुरेशी तयार आहेत. मध्यवर्ती बसस्थानकावरची घोषणा आठवा. भोंगा घरघरतो, बाजूला इंजिन चालू, कोणीतरी भांडत असतं. पूर्ण वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. तरी बिडकीनचा मुलगा ‘पैठण’ आणि फलाटाचा आकडा बरोबर उचलतो आणि पळत सुटतो. कारण काय ऐकायचं आहे हे त्यानं आधी ठरवलेलं असतं.

श्रवणाच्या प्रश्नाला हीच रीत लावायची. शिक्षक उतारा वाचायच्या आधी प्रश्न हातात असतील तर ते वाचून घ्यायचे आणि मनात ठरवायचं : मला आकडा हवा आहे, की माणसाचं नाव, की कारण? मग पहिल्या वाचनात एक शब्द निसटला तरी त्याच्यामागे धावायचं नाही. एका निसटलेल्या शब्दाच्या शोधात पुढची तीन वाक्यं घालवणारी मुलं मी दरवर्षी पाहतो.

एक-दोन फसव्या जागा मात्र माहीत असलेल्या बऱ्या. ‘आय कॅन कम’ आणि ‘आय कान्ट कम’. आपण वर्गात दोन्ही ठणठणीत म्हणतो. पण सहज बोलताना पहिल्या वाक्यातला कॅन जवळजवळ गिळला जातो, ‘आय कन कम’ असा निघतो, आणि जोर ‘कम’वर पडतो. दुसऱ्यात ‘कान्ट’ लांब आणि स्पष्ट राहतो, त्याचा शेवटचा ट मात्र पुढच्या क मध्ये बुडतो. त्यामुळे आपलं मूल तो ट ऐकायला बसतं, तो येत नाही, आणि ‘येतो’ असं उत्तर लिहितं. म्हणून ट शोधू नका. शब्द लांबला असेल तर नकार, चिरडला असेल तर होकार. तसंच थर्टी आणि थर्टीन. पहिल्यात जोर सुरुवातीला, दुसऱ्यात साधारणपणे शेवटी. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो, त्यामुळे हा जोर आपल्या कानाला आपोआप टिपता येत नाही, मुद्दाम शिकवावा लागतो.

शब्द गिळणं म्हणजे साहेबाचा काही वेगळा चमत्कार, असंही समजायचं कारण नाही. ‘काय करायला लागलास’ असं आपल्यापैकी कोण बोलतं? ‘काय करायलास’ म्हणतो. ‘आणि’चं ‘अन्’ करतो. पुण्याच्या पाहुण्याला आपलं बोलणं जसं पहिल्या दिवशी भरभर वाटतं आणि चौथ्या दिवशी कळू लागतं, तसंच इंग्रजीचं. चार दिवस ऐकावं लागतं, एवढंच.

ऐकायचं कुठून? घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही ही अडचण खरी आहे, पण हातात फोन आहे. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर जाता येतं, तिथे पाठांवर काहीबाही साहित्य मिळतं. बातम्या आहेत, क्रिकेटचं समालोचन आहे. समालोचन तर फार चांगलं, कारण चेंडू डोळ्यांपुढे असतो आणि वाक्य कानात, अंदाज बरोबर की चूक ते लगेच कळतं. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय वेगळा आहे. धड्यातला एक परिच्छेद शिक्षकांकडून नीट वाचून घ्या आणि त्यांच्या परवानगीनं फोनवर ध्वनिमुद्रित करा. घरी तो ऐकताना पुस्तक उघडं ठेवा आणि जिथे आवाज थांबला तिथे पेन्सिलनं तिरकी रेघ मारा. दोन दिवसांनी तोच परिच्छेद न ऐकता, रेघा खोडून, स्वतः पुन्हा रेघा मारा. जुळतात का बघा. आठवडाभरात जुळू लागतात. त्यानंतर अनोळखी उतारा घ्या आणि तिथे रेघा मारा. उत्तरं नंतर, आधी फक्त रेघा.

परीक्षेतल्या अनोळखी उताऱ्याला मी साधारण अर्धा तास द्यायला सांगतो. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं हातात पेन नको, पेन्सिल हवी. आधी खालचे प्रश्न वाचायचे. मग उतारा मनातल्या मनात, पण ओठ हलवत वाचायचा. ओठ हलवू नका, असं काही शिक्षक दटावतात. मी दटावत नाही. सराव झालेल्याला ते लागत नाही हे खरं, पण ज्याचं वाक्य तुटत नाही त्याला ओठांचाच आधार असतो. उताऱ्याखालचे पहिले दोन प्रकार माहितीचे, एक सोपा आणि एक जरा गुंतलेला. ज्याच्या रेघा बरोबर पडल्या त्याला ते उताऱ्यातच सापडतात. पुढचा शब्दांचा आणि व्याकरणाचा भाग वर्षभराच्या तयारीवर. शेवटी स्वतःचं मत विचारतात, तिथे मुलं घाबरून उताऱ्यातलंच वाक्य उतरवतात. तसं करू नका. तुमच्या मताचं साधं, तुटकं पण तुमचं वाक्य लिहा.

परवा एका पालकानं चहाच्या टपरीवर मला वेगळाच प्रश्न विचारला. २०२४ पासून बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी टोयोटा किर्लोस्कर, एथर, लुब्रिझॉल अशी नावं ऐकू येत आहेत, तिथे पोराला लागायचं तर कसलं इंग्रजी लागेल? मी म्हटलं, यंत्राजवळ उभा राहून सूचना ऐकता आली पाहिजे, आणि ती कळली नाही तर ‘पुन्हा सांगा’ असं न लाजता म्हणता आलं पाहिजे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे तुमचं ते वीस मार्काचंच.”

पुढच्या भागात सारांशलेखन घेऊ. तोपर्यंत हे एक वाक्य घरी सोडवून ठेवा. यात ‘दॅट’ मुद्दाम गाळलं आहे, इंग्रजीत ते बिनदिक्कत गाळतात : ‘द ट्रॅक्टर माय अंकल सोल्ड लास्ट दिवाळी इज स्टिल स्टँडिंग इन अवर यार्ड.’ आधी मोठ्यानं वाचा, दोन रेघा मारा. आणि मग सांगा, अंगणात काका उभे आहेत की ट्रॅक्टर?