सुटलेली तालीम पुन्हा धरताना

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला, तेव्हा जो विषय माझ्या स्वतःच्या अंगावर आला तोच निवडला. ऐन तारुण्यात केलेली कुस्ती सुटल्यानंतर चाळिशी उलटून ती पुन्हा धरायची झाल्यास काय करावे व काय करू नये, हे मी चुका करून शिकलो आहे.

कॉलेजात असताना मी मेहरूणहून सायकलने तालमीत जात असे. पहाटे दोनशे जोर, तीनशे बैठका आणि मग हौद्यात लढत. यात्रेच्या फडात नारळाच्या कुस्त्याही मारल्या. पुढे बी.ए. झालो, बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि तालीम सुटली. खुराक मात्र सुटला नाही. त्यात दुपारी शेवभाजी आणि काउंटरवर बसल्या बसल्या गालात गुटखा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण माझी पुडी त्यानंतरही चालूच राहिली, हे लिहिताना संकोच वाटतो.

बावीस वर्षांनी आरोग्य तपासणीत वजन ९६ किलो भरले, रक्तदाब १६० वर १०० निघाला आणि साखरही वाढलेली. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितले. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. माझी दोनच मावली. सुपारीमुळे गालाच्या आतील कातडी ताठर होत जाते, जबडा आखडतो आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा तेव्हा नववीत होता.

घाबरलेला माणूस घाई करतो. दुसऱ्याच सोमवारी मी लंगोट कसून तालमीत हजर झालो. वस्ताद नको म्हणत असताना एका पोराशी हात मिळविला आणि जुन्या सवयीने पट काढायला वाकलो. डाव डोक्यात अगदी ताजा होता, परंतु मांडीची शीर दुखावली आणि तीन आठवडे अंथरूण धरले.

असे का होते, हे नंतर वाचून कळले. व्यायाम सुटला की दम दोन-तीन आठवड्यांतच कमी होऊ लागतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा बरीच सावकाश उतरते आणि पुन्हा मेहनत केल्यास लवकर परतते. नॉर्वेतील ओस्लो येथील संशोधकांनी २०१० साली उंदरांवरील प्रयोगात दाखविले की मेहनतीने स्नायूंच्या पेशींत वाढलेली केंद्रके स्नायू रोडावल्यावरही टिकून राहतात. माणसातही असेच होत असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मात्र स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या फार सावकाश बळकट होतात. म्हणून माझ्या मते परत येणाऱ्याने पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या महिन्यात अधिक जपावे. तेव्हा अंगात जोर आल्यासारखा वाटतो, पण सांधे मागेच असतात.

दुसरा धोका रक्तदाबाचा. पकडीत असताना पैलवान नकळत श्वास रोखतो, आणि श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. ज्याचा दाब आधीच वाढलेला आहे त्याने तो औषधाने ताब्यात येईपर्यंत लढत घेऊ नये. हृदयाची तपासणीही आधी करून घ्यावी. या खर्चात काटकसर करू नये.

तालीम सुटल्यावर खुराक का बाधतो, हेही सांगितले पाहिजे. दूध, तूप, बदाम हे सकाळ-संध्याकाळ घाम गाळणाऱ्यासाठी असते. तेच खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटावर साठते. आमच्या घरी आता कळण्याची भाकरी, पालेभाजी आणि बेताचे तेल आहे. गुटखा सोडताना पहिले आठ-दहा दिवस फार जड गेले. चिडचिड इतकी, की घरातील मंडळी माझ्यापासून दूरच असत. सुदैवाने हिवाळा होता, मेहरूणची बोरे बाजारात आली होती. खिशात पुडीच्या जागी बोरे ठेवीत असे आणि बी तासभर तोंडात घोळवीत असे. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते हसले, पण नको म्हणाले नाहीत.

नोकरी सांभाळून माती धरता येते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. पुढे ते पोलीस अधिकारी झाले आणि २०२३ साली कॅनडातील विनिपेग येथे पोलीस व अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत १२५ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. अर्थात त्यांची जात्याच निराळी तयारी. माझ्यासारख्याने त्यांचा वेग धरू जाणे म्हणजे पुन्हा अंथरूण धरणे.

दुखणे बरे झाल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा वस्तादांनी मला हौद्यात उतरू दिले नाही. हातात फावडे दिले. "आधी माती उकर. लढायचं मग बघू." नव्या पोराला देतात तेच काम. हौदा उकरण्याने कंबर, खांदे आणि दम तिन्ही हळूहळू तयार होतात, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी ठाऊक होते. त्याबरोबर सकाळी मेहरूण तलावाकाठी चालणे, भिंतीला हात टेकून जोर, अर्ध्या बैठका वीसच. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा उजाडण्यापूर्वीच सारे आटोपायचे. असे चार महिने काढले.

पाचव्या महिन्यात वस्तादांनी एका सोळा वर्षांच्या पोराबरोबर पहिली लढत दिली. मिनिटभरही टिकलो नाही. आज वजन ८१ किलो आहे, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली आहे. तोंड मात्र अडीच बोटेच उघडते, आणि ते पूर्ववत होण्याची आशा कमी असल्याचे डॉक्टर सांगतात. तालमीतील पोरे मला काका म्हणतात. एखाद्याच्या गालाला फुगवटा दिसला, की मी त्याला माझ्या तोंडात बोटे घालून दाखवितो.