दुखणे उलटते तेव्हा

सहा महिने गोळ्या झाल्या, बेडक्यात जंतू नाहीत असा कागद मिळाला, दवाखान्याच्या वहीत ‘बरा’ असा शेरा पडला. आणि वर्षाच्या आत तोच खोकला, तोच संध्याकाळचा ताप. दुखणे उलटले की रोग्याला पहिला प्रश्न येतो, ‘गोळ्या बुडवल्यास ना?’ वस्तीतल्या रोग्यांबरोबर दवाखान्यात जाताना हे मी अनेकदा ऐकले आहे. काहींनी बुडवलेल्या असतातही. त्यांची कारणे हा वेगळा विषय. येथे मी एकही गोळी न चुकवणाऱ्यांविषयी लिहीत आहे.

क्षय दोन तऱ्हांनी उलटतो. पहिल्या तऱ्हेत जुनेच जंतू पुन्हा वाढतात. झपाट्याने वाढणारे जंतू औषधाने पहिल्या काही दिवसांतच मरतात. पण काही जंतू जवळजवळ न वाढता निपचित पडून असतात. माणूस दोन महिन्यांत हिंडूफिरू लागला तरी औषध सहा महिने चालते, ते यांच्यासाठी. फुप्फुसात मोठी पोकळी झालेली असेल तर पूर्ण उपचारानंतरही यांतले काही उरू शकतात. दुसऱ्या तऱ्हेत जुना रोग खरोखरच संपलेला असतो आणि बाहेरून नवे जंतू येतात.

ही दुसरी तऱ्हा विरळ, अशी वैद्यकाची समजूत होती. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनजवळच्या दाट वस्त्यांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या १६ जणांचे जंतू जनुकीय ठशांवरून ताडून पाहिले, तेव्हा १२ जणांत दुसऱ्या खेपेचे जंतू निराळे निघाले. त्यांनी गोळ्या बुडवल्या नव्हत्या. ते त्याच हवेत परतले होते. मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणता येत नाही. चेन्नईच्या अभ्यासात एच.आय.व्ही. असलेल्यांत बहुतेक नवा संसर्ग आढळला, नसलेल्यांत बहुतेक जुनेच जंतू.

मग औषध पूर्ण घेऊनही जुने जंतू का उरतात? एक कारण आपल्या सरकारी कार्यक्रमातच होते. सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनच दिवस दिल्या जात. समोर गिळायला लावणे सोपे पडे, खर्चही बेताचा. रोज औषध घेणाऱ्यांपेक्षा अशा रोग्यांत रोग अधिक उलटतो, हे अभ्यासांतून पुढे येत होते. अखेर जनहित याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि २०१७ साली देशभर रोजचे औषध सुरू झाले. ज्याला पैसे देऊन खाजगी डॉक्टर करता येई, त्याला रोजच्या गोळ्या आधीपासून मिळत होत्या. त्या काळात नेमाने औषध घेऊन पुन्हा आजारी पडलेल्यांवर हयगयीचा ठपका बसला. तो कोणी परत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बाकीची कारणे शरीरावर लिहिलेली असतात. उपचार सुरू होताना वजन फार कमी असणे आणि पहिल्या दोन महिन्यांत ते न वाढणे, ही धोक्याची खूण. मधुमेह, विडी, दारू यांनीही धोका वाढतो. ते लपवण्यात अर्थ नाही. दगडखाणीत, खडीच्या मशीनवर काम करणाऱ्याच्या फुप्फुसात बसलेली धूळ काम सोडल्यावरही निघत नाही, आणि जंतूंना खाणाऱ्या पेशींनाच ती मारते.

पूर्वी दुखणे उलटले की सरसकट स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने जोडून आठ महिन्यांचा कोर्स देत. तो देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सांगितले. आता आधी जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत हे तपासायचे. रोग्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्याने ही तपासणी मागावी. जनुकीय तपासणीत मेलेले जंतूही सापडतात, म्हणून बेडक्याचे कल्चरही मागावे. बरे झाल्यावरचा प्रत्येक खोकला क्षयाचा नसतो. फुप्फुसावरच्या जुन्या व्रणांनीही दम लागतो. सरकारी नियमाप्रमाणे बऱ्या झालेल्याची दर सहा महिन्यांनी, दोन वर्षे तपासणी व्हायला हवी. बहुतेक रोग्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.