‘ओढून नेणे’ आणि ‘ओढून काढणे’ : रुतलेल्या वाहनाच्या कड्यांविषयी

मराठीत ‘ओढणे’ या क्रियापदापुढे ‘नेणे’ आले की एक अर्थ होतो आणि ‘काढणे’ आले की दुसरा. बंद पडलेली मोटार दुरुस्तीच्या जागेपर्यंत ओढून नेतात. चिखलात बसलेली मोटार ओढून काढतात. बोलताना हा भेद कोणासही शिकवावा लागत नाही. पण प्रत्यक्ष दोर बांधावयाची वेळ आली म्हणजे तो विसरला जातो. गाडीखाली जी कडी हाताला लागेल तिला ‘हूक’ म्हणून दोर अडकविला जातो. या एका सरसकट शब्दाच्या पोटात निदान चार भिन्न वस्तू आहेत आणि त्यांपैकी तीन रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी बनविलेल्या नसतात. त्या वस्तूंचा व त्यांच्या सामर्थ्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम दोन क्रियांतील अंतर आकड्यांनी पाहावे. सपाट डांबरी रस्त्यावर चाके मोकळी असलेली गाडी संथपणे ओढावयास तिच्या वजनाच्या साधारणतः एक ते दोन टक्के जोर पुरतो. 2,500 किलो वजनाच्या गाडीस हा जोर 25 ते 50 किलो भाराइतका होतो. चढ आणि हिसके यांमुळे तो वाढतो एवढेच. चिखलाची गोष्ट निराळी. अमेरिकी सैन्यात रुतलेली वाहने काढण्यासाठी एक ठोकताळा वापरला जातो. चाकांइतके रुतलेले वाहन काढण्यास त्याच्या भारासह वजनाइतका, मडगार्डपर्यंत रुतलेले काढण्यास दुप्पट आणि केबिनपर्यंत रुतलेले काढण्यास तिप्पट जोर लागतो, असे त्यात धरतात. म्हणजे तीच गाडी चाकांइतकी रुतली तर 2,500 किलो आणि मडगार्डपर्यंत रुतली तर 5,000 किलो. ‘नेणे’ आणि ‘काढणे’ यांतील अंतर असे पन्नास ते दोनशे पट असू शकते. एका कामास पुरेशी असलेली कडी दुसऱ्या कामात का तुटते, याचे उत्तर येथेच मिळते.

आता त्या चार वस्तू. पहिली बांधकडी. जहाजातून किंवा मालमोटारीतून नेताना गाडी हलू नये म्हणून तिला खाली आवळून बांधण्यासाठी ही ठेवलेली असते. ती बहुधा पातळ पत्र्याची किंवा वाकविलेल्या सळईची असून तिच्यावरील ताण खालच्या दिशेने यावा, अशी अपेक्षा असते. दुसरी ओढकडी. आजच्या अनेक मोटारींत बंपरवरील लहान झाकण काढून तेथे ही आट्यांनी फिरवून बसवितात. ती ‘ओढून नेण्या’साठी आहे आणि तीही सरळ रेषेत, बाजूने ताण आला की ती वाकते. तिसरा जोडगोल. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे असलेला हा लोखंडी गोळा नजरेस भक्कम दिसतो. पण त्याची घडण चाकांवर चालणाऱ्या ट्रेलरचा भार ध्यानी घेऊन केलेली असते. चौथी वस्तू ती खरी सोडवणकडी. ती गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे चॅसीस, एकाहून अधिक उच्चताण बोल्टांनी घट्ट बसविलेली असते आणि तिच्यावर किंवा तिच्या माहितीपत्रकात भारक्षमता सांगितलेली असते.

या चौघांत सर्वांत फसवा जोडगोल होय. दोराचा फास त्याच्या मानेत सहज बसतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. जोराचा हिसका बसला की त्याचा दांडा मानेपाशी तुटतो आणि गोळा ताणलेल्या पट्ट्यासह गोफणीतील दगडाप्रमाणे सुटतो. ऑस्ट्रेलियात रेताड आणि ओसाड प्रदेशांत गाड्या नेण्याचा छंद मोठा आहे. तेथे अशा सुटलेल्या गोळ्यांनी मृत्यू घडले आहेत. गाडी काढण्याच्या ताणपट्ट्यांसाठी त्या देशाने सक्तीचे सुरक्षा मानक केले आहे. पट्टा जोडगोलास किंवा बांधकडीस कधीही अडकवू नये, हा इशारा पट्ट्यासोबत देणे त्यान्वये बंधनकारक आहे.

हा गोळा इतका घातक का ठरतो, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. 2,500 किलोची ओढणारी गाडी ताशी 15 किलोमीटर वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे 21,700 ज्यूल गतिज ऊर्जा असते. नायलॉनचा ताणपट्टा दीड मीटर ताणून तिने ही ऊर्जा त्यास दिली, तर ताणाचा शिखरबिंदू ढोबळमानाने तीन टनांवर जातो. इंजिनाची ओढ यात धरलेली नाही. पट्ट्याऐवजी जेमतेम पंधरा सेंटिमीटर ताणणारी साखळी असेल, तर तोच हिशेब तीस टनांच्या घरात पोहोचतो. म्हणून साखळीने हिसका देणे सर्वथा वर्ज्य. पट्ट्यात साठलेल्या ऊर्जेपैकी केवळ दशांश एक किलो वजनाच्या तुटक्या गोळ्यास मिळाला, तरी त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. गाडीची काच त्यास अडवू शकत नाही.

तेव्हा जागा कशी निवडावी? गाडीची माहितीपुस्तिका उघडून उत्पादकाने कोणती कडी कोणत्या कामासाठी दिली आहे ते निघण्यापूर्वी पाहावे. चिखलात उभे राहून हा शोध होत नाही. सांगाडा स्वतंत्र नसलेल्या, म्हणजे एकसंध धाटणीच्या गाड्यांत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्यांच्या पत्र्यास कोठेही कडी जोडून भागत नाही. नवी सोडवणकडी बसवावयाची झाल्यास ती त्याच गाडीसाठी तयार केलेली असावी आणि बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा दर्जा उत्पादकाच्या सूचनेनुसार कोरलेला असावा. ट्रेलर जोडण्याची चौकोनी नळी सांगाड्यास पक्की असेल, तर जोडगोल व त्याची पट्टी काढून तेथे भारक्षमता कोरलेला सोडवण-ठोकळा बसविता येतो. मात्र ओढ सरळच असावी. आस, सुकाणूचे दांडे, निलंबनाचे हात, बंपर आणि शोभेचे संरक्षक दांडे यांना दोर बांधू नये.

भारक्षमतेच्या दोन आकड्यांतही घोटाळा होतो. ‘सुरक्षित कार्यभार’ म्हणजे नित्य वापरात द्यावयाचा कमाल भार. ‘भंगभार’ म्हणजे वस्तू जेथे तुटते तो भार. कडीला पट्टा जोडणाऱ्या लोखंडी शॅकलवर पहिला आकडा कोरलेला असतो, पट्ट्यावर बहुधा दुसरा छापलेला असतो. या दोहोंची थेट तुलना करणे चुकीचे.

पुढे दोन सोडवणकड्या असल्यास दुपाखी पट्ट्याने ताण दोघींत वाटावा. परंतु पट्ट्याच्या दोन पाखांतील कोन वाढला की लाभ घटतो. कोन 60 अंशांचा असता प्रत्येक कडीवर एकूण ओढीच्या सुमारे 58 टक्के भार येतो, 90 अंशांवर 71 टक्के, आणि 120 अंशांवर प्रत्येक कडीवर पूर्ण ओढीइतका. म्हणून दुपाखी पट्टा लांब आणि कोन अरुंद ठेवावा.

सर्वांत स्वस्त सोडवण फावड्याची. चाकांपुढील आणि गाडीच्या पोटाखालील माती काढली, चाकांतील हवा कमी केली आणि चाकांखाली फळ्या सारल्या, तर लागणारा जोरच घटतो आणि कडीवरील संकट आपोआप हलके होते. ओढताना पट्ट्यावर जड गोधडी किंवा त्यासाठीच केलेली झूल टाकावी. बघ्यांनी पट्ट्याच्या मूळ लांबीच्या निदान दीडपट अंतरावर, आणि ओढीच्या रेषेत तर मुळीच नव्हे, उभे राहावे.

कोकणच्या पुळणीवर हौसेने उतरविलेल्या गाड्या रुततात, भरती चढू लागते आणि मदतीस आलेल्या ट्रॅक्टरचा दोर घाईने मिळेल तेथे बांधला जातो. अशा वेळी ‘हूक कुठे आहे?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘सोडवणकडी आहे का?’ असे विचारावयास हवे. आणि उत्तर ‘नाही’ असे आले, तर फावडे हाती घ्यावे. तेवढा वेळ पाणी देत नसेल, तर माणसे वर न्यावी आणि गाडी राहू द्यावी. ओहोटीनंतर गाडी काढता येते. सुटलेल्या गोळ्याच्या वाटेत उभा असलेला माणूस परत मिळत नाही.